भांडणानं राखलेली वाट

आमच्या शेताचे प्लॉट पडले तेव्हा रस्त्याला मोठा फलक लागला होता: शाळा, दवाखाना, बाजार, सगळं चालत जाण्याच्या अंतरावर. खोटं नव्हतं ते. नारायणगावचा बाजार आमच्या गच्चीवरून दिसतो. फक्त चालायचं कुठून, ते लिहायचं राहिलं होतं. रस्त्यानं जायचं म्हणजे हायवे. एका अंगाला टोमॅटोचे टेम्पो, दुसऱ्या अंगाला उघडं गटार, आणि वडाप जीपवाल्यांना ब्रेक कशासाठी दिलाय ते एक देवच जाणे.

आमचे मालक वारल्यावर माझ्या दोन्ही पोरांनी शेजारशेजारचे प्लॉट स्वतःसाठी ठेवले, बाकीचे विकले. मधे जुना बांध होता. त्या बांधावरून दोघांची लई जुंपली. थोरला म्हणे, धाकट्यानं नांगरताना दरसाल बांध कोरला. धाकटा म्हणे, कोरला तो ह्यानंच. "बांधावर एक वीट ठेव, कोर्टात खेचतो," असं दोघंही म्हणाले. मग काय, थोरल्यानं कंपाउंडची भिंत बांधली ती बांध सोडून आत. धाकट्यानंही तसंच केलं. सामाईक भिंत घालून खर्च वाचवावा, एवढी अक्कल दोघांत मिळून नव्हती. दोन भिंतींच्या मधे बांध जसाच्या तसा राहिला, दोन बाया बोलत शेजारीशेजारी चालतील एवढा.

आणि हा बांध सरळ बाजारामागच्या गल्लीत निघायचा!

मला साधी सायकल येत नाही, स्कूटर तर सोडाच. पण बांधावरून गेलं की गिरणी, बँक, भाजी, देऊळ, सगळं माझ्या पायाखालचं. सुनेला विचारायचं नाही, पोराची वाट बघायची नाही. पिशवी घेतली की निघाले. या वयात बाईला आणखी काय लागतं, सांगा बरं? मागच्या वस्तीतले लोकही तिथूनच जायचे. त्यांच्यात एक नर्सबाई होती. पोरीला हाताला धरून शाळेत सोडायची आणि तशीच पुढं दवाखान्यात कामाला जायची. "जयभीम मावशी," ती म्हणायची. मी "रामराम बाई" म्हणायचे, आणि गल्ली येईपर्यंत आमच्या गप्पा. माझ्या गुडघ्याचं औषधही तिनंच सांगितलं होतं.

पोरं मात्र एकमेकांचं तोंड बघत नव्हती. आईच्या जिवाला ते खायचंच. देवीपुढं मी किती वेळा हात जोडले असतील.

शेवटी थोरल्याच्या पोरीचं लग्न ठरलं आणि दोघं एका पंगतीला बसले. मला भरून आलं, खोटं कशाला सांगू. जेवता जेवता थोरला म्हणाला, "आई, आता मधे दोन भित्ती कशाला? पाडून टाकू. बांधावर पत्रा टाकून दोनी गाड्या लावू. म्होरं एक गेट, मागं एक गेट."

"आन् लोकं?" मी विचारलं.

"लोकांची वाट हाय का ती? आज बंद न्हाई केली तर उद्या हक्क सांगतील."

"बरं. मी कुठनं जाऊ?"

धाकटा मायेनंच म्हणाला, "तुला चालायची काय गरज पडलीय, आई? फोन कर. आसंल तिथनं येतो."

मला असा राग आला की हातातला घास ताटात ठेवला. म्हटलं, "एवढी वर्सं तुमी एक व्हावं म्हणून देवीपुढं रडले. आता सांगते, परत भांडा."

सगळी पंगत हसली. थोरला तर डोळे पुसायला लागला. मी हसले नाही. सुनेनं माझ्या ताटात आणखी एक पोळी वाढली आणि विषय तिथंच मिटला.

महिन्याभरात भिंती पाडून बांधावर पत्रा चढला, दोन्ही गेटांना कुलपं लागली. पोरं शब्दाला जागली, तेवढं म्हणायला हवं. फोन केला की "आलोच" म्हणतात आणि येतातही, पण त्यांच्या सवडीनं. बाजारात गाडी चालू ठेवून बसतात. मेथीची जुडी उलटून बघते न बघते तोच हॉर्न. मग मीच जायचं कमी केलं.

एके दिवशी सकाळी मागच्या गेटापाशी नर्सबाई दिसली. शाळेच्या सुट्टीत पोरीला घेऊन माहेरी गेली होती, तिला काही ठाऊक नव्हतं. कुलूप बघितलं, पत्रा बघितला.

"मावशी, पोरांचं मिटलं वाटतं?"

"मिटलं."

"चांगलं झालं," ती म्हणाली. मनापासून म्हणाली. मग पोरीचं दप्तर नीट केलं आणि हायवेकडं वळली.

माझ्यानं घरात बसवेना. चपला घातल्या आणि त्यांच्या मागं निघाले. हायवेला लागल्यावर पोरीला गटाराच्या अंगाला घेतलं, मी रहदारीच्या अंगाला झाले. तिघी एकमेकींना खेटून, अंग चोरून. पुढं एक टेम्पो उभा होता, त्याला वळसा घालायला डांबरावर उतरावं लागलं. तेवढ्यात मागून हॉर्न वाजला. एकदा, दोनदा, मग थांबेचना. पोरगी दचकून मला चिकटली.

गाडी अंगाशी येऊन थांबली, काच खाली झाली.

"ओ मावशी, रस्ता काय बापाचा हाय का? कडंनं चाला की!"

मी वळून बघितलं. थोरला होता. मला बघून त्याचा हात हॉर्नवरच राहिला.

"कड कुठाय बाबा?" मी म्हटलं. "दाखव, तिथनं चालते."