दुसऱ्या खेळाडूची बाजू

लहानपणी दादा आणि मी ज्या व्हिडिओ गेमच्या मशीनवर खेळायचो, ते सांवेरच्या एका भंगारवाल्याकडे सापडलं. दादाला जाऊन बरीच वर्षं झालीत. मशीन मी अन्नपूर्णा भागातल्या आमच्या घरी आणलं, आतला सडलेला बोर्ड काढून तळहाताएवढा नवा कॉम्प्युटर बसवला आणि एकेक बटण जोडायला घेतलं. बटण दाबलं की स्क्रीनवर त्याचा दिवा लागतो, एवढीच टेस्टिंग.

माझी बाजू झाली. दुसऱ्या बाजूला अजून एकही वायर लावली नव्हती, तरी तिथला दिवा दोनदा लागला, थांबला, मग एकदा लागला.

खेळ सुरू करण्याआधी दादा अगदी असंच बटण ठोकायचा आणि हात कपाळाला लावायचा. त्या फालतू नाटकाचा मला भारी राग यायचा. कॉम्प्युटरची मोकळी पिन आसपासचा करंट पकडते आणि दिवा लागतो, हे मला पक्कं माहीत आहे. आईला मी तेच सांगितलं.

मटार सोलता सोलता ती स्क्रीनकडेच बघत होती.

"हां, तसंच असेल," ती म्हणाली. "पण आता दादाची बाजू जोड. केव्हाचा उभा आहे तो."