बंबाच्या मतदानातले कोरे अंगठे

मस्कतच्या हमरिया भागातील एका बेकरीत मी एका दुपारी हातात स्टॅम्प पॅड घेऊन उभा होतो. निवृत्तीला इतकी वर्षे झाली, पण ती दुपार मनातून गेलेली नाही. त्या देशात मला पोलीस म्हणून कोणताही अधिकार नव्हता. तरीही माझ्या नोकरीतला एक मोठा निर्णय तिथेच झाला.

नव्वदच्या दशकाची अखेर होती. रत्नागिरी जिल्ह्यातील एका तालुक्याच्या ठाण्याचा मी प्रभारी होतो. हद्दीतल्या एका खाडीकाठच्या गावात ऐन उन्हाळ्यात वणवा उतरला. गवताच्या उडव्यांवरून तो वस्तीत शिरला आणि एक आळी जळाली. तालुक्याचा बंब घाट उतरून पोहोचला तेव्हा विझवण्यासारखे फारसे उरले नव्हते. ग्रामपंचायतीने स्वतःचा लहान बंब घ्यायचे ठरवले. त्यासाठी घरपट्टीवर जादा कर बसणार होता. ठराव करण्याआधी गावाने मतदान घेतले. एक घर, एक मत. बरीच घरे ओमानला गेलेल्यांच्या नावावर होती. त्यांनी मत कागदावर लिहून पाठवावे, खाली सही आणि डाव्या अंगठ्याचा ठसा असावा, असे ठरले. कायद्यात अशी तरतूद नव्हती; ती गावाने आपसांत ठरवलेली रीत होती. ठशाची अट घातली होती गावातल्या सर्वांत मोठ्या बागायतदाराने. त्याच्या नावावर चार घरे होती आणि कराला त्याचा विरोध होता.

कौल थोडक्या मतांनी बंबाच्या बाजूने लागला. आठवडाभरात बागायतदाराचा अर्ज ठाण्यात आला. हमरियातील एका बेकरीतून आलेले नऊ कागद बनावट आहेत, सगळ्यांचे अक्षर एकच आहे आणि ते लिहिणारा माणूस अमुक, अशी तक्रार होती. मी कागद ताब्यात घेतले. अक्षर खरोखरच एक होते. ठसे तज्ज्ञाकडे पाठवले. अभिप्राय आला: नऊपैकी सहा ठशांत रेषा आढळत नाहीत, तुलना शक्य नाही.

माझे हवालदार भिंग खाली ठेवत म्हणाले, "साहेब, हे अंगठे नव्हेत. कुणीतरी खोडरबर शाईत बुडवून टेकवलंय."

मला ते पटले. नऊपैकी दोन कागदांवर 'बंब नको' असे मत होते. ती मते खरेपणाचा देखावा करण्यासाठी घातली असावीत, असे टिपण मी स्वतः फाईलवर लिहिले.

त्याच सुमारास मस्कतच्या दूतावासामार्फत एक पासपोर्ट पडताळणी माझ्या टेबलावर आली. तक्रारीत ज्याचे नाव होते, त्याच बेकरी कामगाराची. वय पन्नाशीपुढे, वीस वर्षे ओमानमध्ये, गावात म्हातारी आई एकटी. माझा अहवाल प्रतिकूल गेला असता तर पासपोर्ट अडकला असता, पाठोपाठ व्हिसा आणि मग नोकरी. अहवालाचा मसुदा मी तयार केला होता. तो प्रतिकूल होता.

माझी मुलगी तेव्हा मस्कतजवळच्या सीबला राहत होती. तिच्याकडे जाण्यासाठी रजा आधीच मंजूर झाली होती. वरिष्ठांना प्रकरण सांगितले. ते म्हणाले, "जाताय तर बघून या. पण जबाब घ्यायचा नाही, धमकवायचं नाही. तिथं तुम्ही पाहुणे." मसुदा टेबलाच्या खणात ठेवून मी निघालो.

सीबच्या जुन्या बाजारात रत्नागिरीकडच्या एका शिंप्याचे दुकान होते. त्याच्याशी ओळख झाल्यावर मी सहज विषय काढला. तो त्या माणसांना ओळखत होता.

"अंगठे बघायचेत त्यांचे?" त्याने कात्री थांबवली. "मग शुक्रवारी जाऊ नका. शुक्रवारी सुट्टी, ते अंघोळ करून, अत्तर लावून बसलेले असतात. कामाच्या वेळी जा."

एवढेच. खबर देणारा माणूस फार बोलत नसेल तर त्याचे ऐकावे, हा माझा अनुभव आहे.

मी आठवड्याच्या मधल्या एका दिवशी दुपारी चारला गेलो. बेकरीच्या ओमानी मालकाला, म्हणजे त्यांच्या अर्बाबला, गावाकडचा पाहुणा असल्याचे सांगितले. त्याने काहवा आणि खजूर पुढे केले आणि आत जाण्याची खूण केली. आत मी मात्र खरी ओळख दिली. संशयिताला सगळे चाचा म्हणत. उंच, सडपातळ माणूस. पोलीस हा शब्द ऐकून त्याचा चेहरा उतरला, पण नजर हटली नाही.

"नऊ कागदांवरचं अक्षर कुणाचं?"

"माझं."

"सगळं?"

"सगळं, साहेब. वीस वर्षं या खोलीतली सगळी पत्रं मीच लिहितो. बायकोला लिहायची तीपण. ही पोरं सांगतात, मी लिहितो. सही ज्याची त्याची."

"आणि ठसे?"

"तेपण ज्याचे त्याचे."

"ठशांत रेषा नाहीत, चाचा."

तो गोंधळला. मग शांतपणे म्हणाला, "रेषा कुठनं येणार?"

तेवढ्यात भट्टीकडून "यल्ला, यल्ला" अशी घाईची हाक आली आणि तो उठून गेला. मी मागे गेलो. भट्टीतून पावांचे पत्रे निघत होते. हातात फडके होते, पण चिकटलेला पाव सोडवताना, पत्रा वळवताना, प्रत्येक जण फडके सोडून उघड्या अंगठ्याने कडेला दाब देत होता. क्षणभरच. पत्र्यामागून पत्रा. त्या भट्टीसमोर मी दहा पावलांवर उभा होतो आणि मला चेहरा वळवावा लागत होता.

मी स्टॅम्प पॅड काढले. ते वाटेत एका दुकानातून घेतले होते. कुणावर सक्ती नाही, असे सांगितले. चाचाने सर्वांत आधी अंगठा पुढे केला. कागदावर काळा, गुळगुळीत, लंबगोल डाग उमटला. फाईलमध्ये होता तसाच. एकापाठोपाठ आणखी पाच जणांनी तसेच ठसे दिले. उरलेले तिघे नवीन होते. त्यांच्या अंगठ्यांवर अजून रेषा होत्या. सहा आणि तीन. तज्ज्ञाच्या अभिप्रायातला हिशेब माझ्यासमोर उभा होता.

अंगठ्याच्या रेषा जन्मापासून मरेपर्यंत बदलत नाहीत, असे मी प्रशिक्षणात शिकलो होतो आणि पुढे कित्येक शिपायांना शिकवले होते. इथे माणसांनी त्या पाव भाजता भाजता संपवल्या होत्या, आणि त्याबद्दल त्यांच्यापैकी कुणाला काही विशेष वाटत नव्हते.

"दोन कागदांवर 'बंब नको' आहे," मी म्हणालो. "ते का लिहिलंत?"

पीठ मळणारा एक आडदांड तरुण हसला. "त्यातलं एक माझं असणार, साहेब. माझं घर पत्र्याचं. जळायला आहे काय? उगाच कर कशाला भरू? मला सही तेवढी येते, म्हणून चाचांना 'नको' लिहायला सांगितलं. चाचा महिनाभर माझ्याशी बोलले नाहीत."

"अजून धड बोलत नाही मी याच्याशी," चाचा म्हणाला. "याच्या घराला भिंत लागून माझं घर. आई एकटी. तिला चार पायऱ्या उतरायला किती वेळ लागतो ते मला ठाऊक. तालुक्याचा बंब यायला किती लागतो तेपण ठाऊक."

"मग याचं मत 'हो' म्हणून का नाही लिहिलंत? याला तर वाचता येत नाही."

आजवर कोणत्याही आरोपीने पाहिले नव्हते, तसे चाचाने माझ्याकडे पाहिले.

"त्याने 'नको' सांगितलं ना, साहेब."

तो तरुण मळता मळता थांबला. "खरंच 'नको' लिहिलंत, चाचा? मला वाटलं होतं तुम्ही काहीतरी घोळ घालणार."

"पीठ बघ तुझं," चाचा म्हणाला. "खलास झाली गोष्ट."

परत आल्यावर मी रीतसर मार्गानेच पुढे गेलो. ते नऊही जण कामाची सुट्टी मागून दूतावासात गेले आणि अधिकाऱ्यासमोर पुन्हा ठसे देऊन प्रतिज्ञापत्रे केली. ती टपालाने आली, तज्ज्ञाला दाखवली आणि तक्रार निकाली काढली. बागायतदाराने कागद पाहिले आणि चष्मा खिशात घातला. कर लागला. बंब आला.

या प्रकरणाने मला एक सवय लावली. पुराव्यात काही कमी दिसले की आधी त्या माणसाच्या कामाच्या जागी जायचे, कलमाचा विचार नंतर. ही सवय मी पुढच्या अधिकाऱ्यांनाही सांगत आलो. पण माझे स्वतःचे टिपण मला अधिक बोचते. माझ्या हातातल्या कागदांवर त्या माणसाच्या सचोटीची दोन लेखी प्रमाणे होती, आणि त्यांनाच मी लबाडी म्हटले होते.

खणातला मसुदा फाडून मी नवा पडताळणी अहवाल लिहायला घेतला. वर्तनाच्या रकान्यात जागा एका ओळीची असते. तिथे नेहमीचेच लिहिले: आक्षेपार्ह काही नाही. त्या माणसाबद्दल याहून अधिक लिहायची सोय फॉर्ममध्ये नव्हती. सही केली, ठाण्याचा शिक्का मारला. मग उघड्या पॅडवर माझा डावा अंगठा दाबून कोऱ्या कागदावर टेकवला आणि भिंग घेतले. एकूण एक रेषा शाबूत होती.