कळलावीची मुळी

निलंग्यात जडीबुटीचं दुकान चालवणाऱ्या चाचांकडे मी दर पावसाळ्यात जाते. मी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवते, आणि मुलांना दाखवायला कळलावीचा कंद तेच आणून देतात. वेलाला ज्वाळेसारखी लाल-पिवळी फुलं, पानांच्या टोकांना आकड्या, आणि खाली दरवर्षी पुन्हा फुटणारा विषारी कंद. चाचा तो फडक्यातच धरतात. कुठलीही मुळी बांधून देताना “कुणासाठी?” हे विचारतातच.

यंदा गेले तर चाचांनी कंद काढायच्या आधी घडलेलं सांगितलं. आठवड्यापूर्वी एक जण अडलेल्या बायकोसाठी कळलावी मागायला आला होता. कळा याव्यात म्हणून जुन्या बाया ती वापरत. नाव त्यावरूनच पडलंय. चाचांनी मुळी दिली नाही. दुकानाला कुलूप घातलं आणि स्वतः रिक्षा करून बाईला दवाखान्यात नेलं. बाई वाचली, बाळ गेलं.

“लोक म्हणून राहिले, म्हाताऱ्यानं मुळी दिली असती तर लेकरू जगलं असतं,” चाचा म्हणाले. “मॅडम, तुमच्या किताबात काय हाय?”

“जहर आहे, चाचा. दिली असती तर बाईचाही भरवसा नव्हता.”

त्यांनी तराजू बाजूला सरकवला.

“हे तिच्या नवऱ्याला सांगता का? माझं तो न्हाई ऐकत.”

मी हो म्हटलं. त्याला तीन महिने झाले. मी अजून त्या घरी गेलेली नाही, आणि आता चाचांच्या दुकानासमोरून जायचंही टाळते.