हाउ वॉज युवर संडे?

कंपनीने आम्हा पन्नाशीतल्या लोकांना इंग्रजी बोलायला शिकवायचं ठरवलं आणि दर मंगळवारी कॉन्फरन्स रूममध्ये आमची शाळा भरू लागली. घरी गोष्टी सांगून सगळ्यांना पकवणारा मी, तिथे मात्र मुका. काल मॅडमनी जोड्या लावल्या. माझ्या वाट्याला स्टोअर्समधले सावंत आले. कागदावरचा प्रश्न मी वाचला, "हाउ वॉज युवर संडे?"

सावंतांनी शर्टाचं वरचं बटण उगाच लावलं, पुन्हा काढलं. मग म्हणाले, "आय कुक राइस. आय ईट. होल डे नो टॉक."

कितीतरी वर्षं आम्ही शेजारी बसून डबा खातो. त्यांच्या मिसेस वारल्या तेव्हापासून मी रोज विचारतो, "काय सावंत, बरंय ना?" आणि ते म्हणतात, "मजेत!" मराठीत आम्हा दोघांनाही किती सफाईने टाळता येतं! परक्या भाषेत मुळात शब्दच थोडे, आडोसा कशाचा करणार?

मग माझी पाळी आली. आमची ही मुलीच्या बाळंतपणासाठी नागपूरला गेली आहे. रविवारभर मी कुकरशी बोललो, आणि त्यानेही तीन शिट्ट्यांपलीकडे दाद दिली नाही. पण मी कागदावरचं तयार उत्तर वाचून दाखवलं, "व्हेरी नाइस, थँक यू."

सावंत माझ्याकडे बघत राहिले. हळूच म्हणाले, "वहिनी अजून आल्या नाहीत ना हो?"

"नो मराठी, प्लीज," मॅडम म्हणाल्या.

आम्ही दोघंही कागदाकडे बघू लागलो. पुढचा प्रश्न हवामानाचा होता.