उंदराच्या उवेला डोळे नसतात

उंदरांच्या अंगावरच्या उवा मोजायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा घरी मी नुसतं 'प्रयोगशाळेत काम आहे' एवढंच सांगितलं होतं. भातशेतीतून, मासळी सुकवायच्या जागेवरून, आंब्याच्या गोदामातून उंदीर यायचे. प्रत्येकाला वेगळ्या पिशवीत भूल द्यायची आणि पांढऱ्या ट्रेवर धरून फणीने विंचरायचं. बहुतेक उंदीर अगदी स्वच्छ निघत. मग एखादा असा यायचा, की ट्रेवर तीळ सांडावेत तसं व्हायचं. सगळ्यांच्या वाटणीच्या उवा त्या एकट्याच्याच अंगावर!

सासूबाईंना हे कुठून तरी कळलंच. रत्नागिरीत काय लपून राहतं? आणि नेमक्या त्याच आठवड्यात, पडवीत नातीची वेणी घालताना, त्यांना तिच्या केसांत ऊ सापडली.

"उंदरांच्या उवा पोरीच्या डोक्यात आणल्यास गो! ते काम सोड, नाहीतर हिला मी चिपळूणला आत्याकडे नेऊन ठेवत्ये."

मला राग आला, आणि भीतीही वाटली. उंदराची ऊ माणसाच्या डोक्यात तग धरत नाही, हे मला पाठ होतं. पण आपल्याच लेकीचं डोकं समोर आलं, की पाठ केलेलं कुठल्या कुठे जातं. ती ऊ चिकटपट्टीवर घेऊन दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या आधी प्रयोगशाळा गाठली. सूक्ष्मदर्शकात डोकावायचा धीर होईना, पण शेवटी डोळा लावलाच. उंदराच्या उवेला डोळे नसतात. हिला होते, डोक्याच्या दोन्ही बाजूंना, काळे ठिपके. माणसाचीच! हुश्श करून मी स्टुलावर बसले आणि एकटीच हसत सुटले.

सासूबाईंना काही पटेना. "मग आली कुठून?"

"उंदरांचं करतो तसंच करू," मी म्हटलं. "सगळ्यांची डोकी विंचरू. भरलेलं एखादं सापडेलच."

पडवीत पांढरा टॉवेल अंथरला. माझ्या डोक्यात काही नाही. लेकीच्या डोक्यात थोड्याशाच. सासूबाई "माझ्या पिकल्या केसांत काय मिळायचंय" म्हणत बसल्या, आणि पहिल्याच फणीला टॉवेल वळवळायला लागला.

लेक तोंडावर हात धरून बघत राहिली. सासूबाईंनी मान वर केली नाही.

"रोज डोक्याला डोकं लावून गोष्टी सांगत्ये मी तिला," त्या हळूच म्हणाल्या. मग, "कोणाजवळ बोलू नको गो. नीट विंचर. आणि उद्या कामाला वेळेवर जा."