अर्ध्या शिक्क्यांचा सूर्य

नलूताईंच्या मुलीचा, मृदुलाचा फोन आला तेव्हा मी दिंडोरीला नणंदेकडे होते. मागच्या बागेत फवारणी चालली होती, ट्रॅक्टरच्या आवाजात काही ऐकू येईना. घरात जाऊन दार लावून घेतलं तेव्हा शब्द कानावर पडले. "मावशी, आई गेली. सकाळी चहा ठेवायला उठली होती..."

आता काही आठवडे उलटलेत. नलूताईंबद्दल लिहायचं तर त्यांची कला, त्यांची भेटकार्डं, त्यांचा लाघवी स्वभाव असं सगळं लिहिता येईल. पण माझ्या डोळ्यांसमोर राहून राहून येतो तो काही वर्षांपूर्वीचा उन्हाळा. त्या दिवसांत मी त्यांना जेवढं ओळखलं, तेवढं आधीच्या सगळ्या वर्षांच्या शेजारात ओळखलं नव्हतं.

त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना अण्णा म्हणायचो, कोर्टाजवळ रबरी शिक्के करून द्यायचे. वकील, सोसायट्या, पतपेढ्या, खेड्यापाड्यांतल्या ग्रामपंचायती, सगळ्यांचे शिक्के त्यांच्या हातून गेलेले. त्यांच्याच यंत्रावर उरल्यासुरल्या रबराचे नलूताई फुलं, पक्षी, वेली असे ठसे करून घ्यायच्या आणि कार्डांवर उमटवायच्या. अण्णा गेले, दुकान बंद झालं, आणि एक मोठं खोकं घरी आलं. त्यात कुणी न नेलेले शिक्के होते, नवे केल्यावर कचेऱ्यांनी परत दिलेले जुनेही होते. नलूताईंनी केस वाळवायच्या यंत्राने ऊब देऊन मुठींवरची रबरं अलगद सोडवली आणि त्या सागवानी मुठींना आपली फुलं चिकटवली. पुढे कपाटात मुठी मावेनात. मग त्यांनी मुठींचा नाद सोडला. नुसतं रबर रेषेलगत कापायचं, मागे चिकट फोम लावायचा, आणि सीडीच्या जुन्या पारदर्शक डब्यांत चिकटवून ठेवायचं. उमटवायची वेळ आली की ॲक्रिलिकच्या ठोकळ्यावर लावायचं, काम झालं की काढून परत डबीत. कपाटात पुस्तकांसारख्या उभ्या डब्या. शनिवारी दुपारी आजूबाजूच्या बायका आणि मुली त्यांच्याकडे शिकायला यायच्या.

आणि मुठींवरून निघालेले गोल शिक्के? ते नलूताई मधोमध कापायच्या. "दुसऱ्याचा शिक्का आहे, अख्खा ठेवायचा नाही," एवढंच म्हणायच्या. पण रबर फेकवत नसे. मधली अक्षरं कागदाने झाकून नुसती दातेरी कड उमटवली की डोंगरामागून उगवणारा सूर्य व्हायचा. उलटा धरला की परडी. मुली ते अर्धे तुकडे हौसेने घरी न्यायच्या.

त्या शनिवारी वर्ग भरलेला असताना दारात पोलीस उभे राहिले. फौजदार, एक महिला शिपाई आणि एक हवालदार. कुठल्याशा गावात खोटा शिक्का मारलेल्या कागदावर जमीन परस्पर विकली गेली होती. त्या ग्रामपंचायतीचा मूळ शिक्का अण्णांच्या दुकानातला. आणि दुकानाचा माल नलूताईंच्या घरी आहे, हे आमच्याच इमारतीतल्या कुणीतरी पोलिसांच्या कानावर घातलं होतं.

हवालदाराने कपाट उघडलं. "साहेब, लय माल हाय इथं."

फौजदारांनी एक मूठ उचलली. तिच्या पाठीवर ग्रामपंचायतीच्या नावाची चिठ्ठी अजून तशीच होती, खाली जास्वंदीचं फूल. "मूठ सरकारी, खाली फूल. मूळचं रबर गेलं कुठं, बाई?"

"कापलं."

"आणि हे आम्ही तुमच्या शब्दावर मानायचं?"

नलूताईंनी एक डबी काढून पुढे धरली. त्या गावच्या शिक्क्याचा अर्धा भाग तिच्यात होता. कडेचा एक दात तुटलेला, साच्यातच राहून गेलेला दोष. फौजदारांनी तो उजेडात धरून पाहिला. "खोटा कागद झाल्यावर हा कापला नाही कशावरून? दुसरा अर्धा कुठाय?"

"कुणीतरी नेला असेल शिकताना."

खोलीतल्या बायका एकेक करून उठल्या. मुलींना दंडाला धरून चपला घातल्या आणि निघून गेल्या. हवालदार डब्या पोत्यात भरू लागला तेव्हा मात्र नलूताई पुढे झाल्या. "जीपमध्ये उन्हात ठेवू नका हो. फोम वितळला की सगळे एकमेकांना चिकटतील." त्याने आधी फौजदारांकडे, मग त्यांच्याकडे पाहिलं आणि पोतं खांद्यावर न टाकता हातात धरून नेलं.

मग रोज ठाण्यात जाणं सुरू झालं. सकाळी बोलवायचे आणि बाकावर बसवून ठेवायचे. मी सोबत असायची. कळवणच्या शाळेत शिकवणारी मृदुला रजा टाकून आली. ती चिडायची, रडायची, वकील करू म्हणायची. नलूताई पदराने घाम टिपत भिंतीकडे बघत बसायच्या. एकदा मला हळूच म्हणाल्या, "वैशू, अण्णांनी आयुष्यभर खोटा शिक्का करायला नाही म्हटलं गं. माणसं धमक्या देऊन जायची, तरी नाही. आता त्यांचंच नाव..."

संध्याकाळी मी दारोदार फिरले. दुसरा अर्धा तुकडा हवा होता. जिथे जावं तिथे एकच उत्तर. आम्ही कधी काही आणलंच नाही. कालपरवापर्यंत ज्यांच्या फ्रिजवर नलूताईंची कार्डं होती तिथे नुसते चुंबक उरले होते. तळमजल्यावरच्या शिरोडेवहिनींनी तर दार अर्धंच उघडलं. मी म्हटलं, "वहिनी, तुमच्या नातवाच्या बारशाच्या कार्डावर सूर्य होता. खोटा कागद गेल्या वर्षीचा, बारसं त्याच्या आधीचं. त्यावर तुटका दात असेल तर शिक्का तेव्हाच कापलेला होता हे सिद्ध होतं."

"नाही आमच्याकडे," त्या म्हणाल्या. दार लागलं. आतून कडी सरकल्याचा आवाज आला. मी तिथेच जिन्यावर बसले. नलूताईंना हे सांगायचं कसं, तेच सुचेना. सांगितलंच नाही.

दुसऱ्या दिवशी फौजदारांचा सूर बदललेला होता. पुढची कारवाई करावी लागेल, घरून कपडे वगैरे मागवून ठेवा, म्हणाले. मृदुलाने आईचा हात घट्ट धरला. तेवढ्यात ठाण्याच्या दारातून शिरोडेवहिनी आत आल्या. घामाने निथळलेल्या, छातीशी प्लास्टिकची पिशवी. त्यांनी कार्ड टेबलावर ठेवलं. डोंगर, पाळणा, मागे अर्धा सूर्य, खाली बारशाची तारीख. फौजदारांनी जप्त तुकडा मागवला, शाईत टेकवून कागदावर उमटवला. दोन्ही सूर्य शेजारी ठेवले. ते खाली वाकले. तुटका दात दोन्हीकडे त्याच जागी होता.

"बसा बाई," ते नलूताईंना म्हणाले. नलूताई बसलेल्याच होत्या.

वहिनी रडू लागल्या. "मीच सांगितलं होतं ताई. आमच्या ह्यांच्याकडे पोलीस चौकशीला आले होते, मी बोलून गेले. एवढं होईल असं..."

नलूताईंनी टेबलावरचं कार्ड उचललं, कडेवरून बोट फिरवलं. "दुमड पडलीय गं. संध्याकाळी वर घेऊन ये, नीट करून देते."

वहिनी खरंच आल्या. मी तिथेच होते. दोघींनी ते कार्ड जाड पुस्तकाखाली दाबून ठेवलं, चहा प्यायला, विषय निघाला नाही. खोट्या कागदावर मारलेला शिक्का पुढे दुसऱ्याच गावात, कुणाच्या तरी घरी सापडला. पोतं परत आलं. काही डब्यांतले ठसे चिकटून गेले होते. नलूताई कितीतरी दिवस टाल्कम पावडर लावून ते एकेक सोडवत होत्या. वर्गात मात्र पूर्वीच्या निम्म्याही बायका परतल्या नाहीत. त्यांनी कुणाला बोलावलं नाही. आलेल्यांना मात्र मागचं काही विचारलंही नाही. फक्त त्या दिवसापासून शनिवारी बाहेरचं दार सताड उघडं असायचं. मी एकदा कारण विचारलं, तर म्हणाल्या, "हवा येते." त्यांचे हात मात्र तेव्हापासून थरथरत. ते कधी थांबले नाहीत.

दिवसकार्य झाल्यावर मृदुला म्हणाली, "मावशी, कपाट तुम्हीच बघा. मला हात लावायला होत नाही." मागच्या आठवड्यात गेले. खोलीत बंद घराचा वास होता. खिडकीजवळच्या टेबलावर रबराची एक नवी पट्टी पडली होती. तिच्यावर बाभळीची फांदी, निम्मी कापलेली, आणि कात्री तशीच तिच्यात अडकलेली. मी खुर्चीवर बसले. शिकवताना त्या नेहमी सांगायच्या, कात्री स्थिर धरायची, फिरवायचं ते रबर. मी कात्री धरली आणि रबर फिरवत गेले... काट्यांजवळ फार सावकाश. फांदी सुटून हातात आली तेव्हा उजेड कमी झाला होता. मागे फोम लावला, ती एका रिकाम्या डबीत ठेवली आणि डबी कपाटात उभी केली.