वरच्या मजल्यावरचा ऑर्केस्ट्रा

आमच्या वारज्याच्या सोसायटीत वरच्या मजल्यावर जे गृहस्थ राहतात, त्यांच्याइतकं निवांत थांबणारं माणूस अख्ख्या पुण्यात सापडायचं नाही. कारखान्यातून निवृत्त झाले आणि कॅम्पातल्या एका बाईंकडे व्हायोलिन शिकले. वाजवतात एकच चीज, विलायती. गोड आहे, खोटं का बोला. पण ती एकट्याची नाही. मागे पन्नास-साठ माणसांचा ऑर्केस्ट्रा लागतो. तो कुठून आणणार? म्हणून ऑर्केस्ट्राची पाळी आली, की हे व्हायोलिन हनुवटीखाली धरून, मनात आकडे मोजत गप्प उभे राहतात. तेही इस्त्रीची पँट आणि पायात बूट घालून, स्वतःच्याच हॉलमध्ये. एकदा नेमका त्या वेळी सिलिंडरवाला आला. यांनी दार उघडलं, एक बोट वर केलं आणि मोजत राहिले. तो घाबरून सिलिंडरसकट खाली आमच्याकडे. "आजोबा, वरच्या काकांची वाचा गेली!"

आमची ही आधी चीज संपली समजून खालून टाळ्या वाजवायची. वरून ओरडा यायचा, "अहो वहिनी, संपलं नाही! अजून बारा मोजायचेत!" पुढे तीही पोळ्या लाटता लाटता मोजायला शिकली. त्यांनी घाई केली, की म्हणायची, "आज दोन आकडे खाल्ले भाऊजींनी."

हिवाळ्यात ती गेली. त्या दिवसापासून वर चिडीचूप. तेरावं झालं, महिना झाला, तरी तेच. मला संगीतातलं ओ की ठो कळत नाही, पण घर खायला उठलं. शेवटी वर गेलो.

"काय हो, व्हायोलिन मोडीत घातलंत की काय?"

"तसं नाही. वहिनी गेल्या, आणि आपण वाजवत बसायचं... बरं दिसत नाही."

"बायको माझी गेली, तुम्हाला कसलं सुतक? चला खाली."

आले. बूट घालूनच. स्वयंपाकघराच्या दारात उभं राहून सगळी चीज वाजवली. शेवटचा सूर इतका बारीक होत गेला, की कधी थांबला ते समजलंच नाही.

"कसं झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "चुकलात मधे."

"कुठे?"

"ते मला काय माहीत! उद्या परत वाजवा, मग सांगतो."

व्हायोलिन पेटीत ठेवत ते म्हणाले, "किती वाजता येऊ?"